कोऱ्या पाटीवरची हळद

फार फार पूर्वी, एका रुंद, वाळूच्या नदीकाठी एक राज्य होते. किती पूर्वी, ते विचारू नका. आणि गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली द्यायला हवी. नदी आठवते, डोंगर आठवतो, गोष्टीतला म्हातारा तर काल भेटल्यासारखा आठवतो. पण त्याच्याजवळच्या पाट्या सोळा होत्या की अठरा, याची आता खात्री देता येत नाही. आपण सोळा धरून चालू. लहानांनी सोळा म्हणावे, मोठ्यांनी मनात थोडी शंका ठेवावी.

त्या नदीवर पूल नव्हता. पाणी पसरट, वाळू फार. नावा रुतून बसत. माणसे, बैल, गाड्या, सगळे उतारांवरून पलीकडे जात. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. असे बत्तीस उतार होते आणि प्रत्येकाची चाल वेगळी. एके ठिकाणी समोरचे देऊळ नाकासमोर धरून सरळ जायचे, दुसरीकडे काळ्या खडकापर्यंत जाऊन उजवीकडे वळायचे. चाल चुकली की माणूस गेला.

या चाली दगडात कोरून ठेवलेल्या होत्या. दर उताराची एक शिळा. नदीची वाट बदलली की पाथरवट जुनी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली नवी कोरत असे. सगळ्यांत खालची ओळ खरी, असा नियम. या शिळा डोंगरावरच्या लेण्यात होत्या, सातशे पायऱ्या चढून. कारण एकदा त्या काठावर ठेवल्या होत्या आणि एका पुराने त्या नेल्या होत्या. तेव्हापासून राज्याने ठरवले, उशीर झाला तरी चालेल, पण नोंद जाता कामा नये.

आणि उशीर होई. वाटसरू घाटावर यायचा, उतार विचारायचा. मग घाटावरचा उतारसांग्या सातशे पायऱ्या चढायचा, शिळा वाचायचा, सातशे पायऱ्या उतरायचा आणि सांगायचा. तोवर बैल हंबरत, पोरे रडत. उत्तर घेतल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही असा दंडक होता, त्यामुळे सगळे बसून राहत.

आपल्या गोष्टीतला म्हातारा म्हणजे हाच उतारसांग्या. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्या फार शिकलेला होता. तीन लिप्या त्याला वाचता येत, ग्रहणे सांगता येत. पण स्वतःवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. घराला कडी लावली की नाही, हे पाहायला तो अर्ध्या वाटेवरून परत जाई. आणि कडी लावलेली पाहून निघाला की, पाहताना आपण ती काढली तर नाही ना, या विचाराने पुन्हा थांबे.

गुडघे थकले तेव्हा तात्याने एक युक्ती काढली. घाटावर त्याची बसायची जागा होती, तीन बाजूंनी भिंत आणि नदीकडे उघडी. तिथे त्याने सोळा धूळपाट्या मांडल्या. लाकडाची पाटी, तिच्यावर विटेची बारीक पूड पसरलेली. बोटाने लिहायचे, तळव्याने पुसायचे. एखादी शिळा वाचून आला की ती चाल तो पाटीवर लिहून ठेवी. पुन्हा कोणी तोच उतार विचारला, तर पायऱ्या चढायला नकोत. पाटी पाहिली, सांगितले.

आणि लोक विचारत तेच तेच. यात्रा असली की यात्रेकडचा उतार, लग्नसराई असली की लग्नाच्या गावांचे. तात्याने आणखी एक गोष्ट हेरली होती. उंबराच्या उतारावरून पलीकडे गेलेल्याला अर्ध्या कोसावर ओढा लागतो. त्याची चालही तो विचारणारच. म्हणून उंबराची शिळा वाचली की शेजारची ओढ्याची शिळाही तो वाचून येई, कोणी विचारण्याआधीच.

पाट्या सोळा, उतार बत्तीस. मग नवा उतार लिहायला जागा कुठली? ज्या पाटीबद्दल सगळ्यांत जास्त दिवस कोणी विचारले नसेल, ती पुसायची. पुसली तर बिघडत नव्हते. मूळ वर शिळेत होतेच.

घाटाचा कारभारी तरुण होता आणि त्याला वेगाचे वेड होते. पाहुण्यांना तो म्हणे, "आमच्या घाटावर प्रश्न संपायच्या आत माणूस पाण्यात!" हे ऐकून तात्याला आनंद होई आणि लगेच भीती वाटे.

भीती कसली, ते आता सांगतो. नदी एका जागी राहत नाही. वाळू सरकते. भोई लोक लांब काठ्यांनी पाणी चाचपून नवी चाल शोधत आणि घाटावर येऊन सांगत. ही नवी बातमी तात्या आधी पाटीवर लिही. म्हणजे आता पाटी खरी आणि वरची शिळा जुनी. अशी पाटी चुकून पुसली, तर बातमीच गेली! म्हणून तिच्या कोपऱ्यावर, उघड्या लाकडावर, तो हळदीचे एक बोट लावी. हळद म्हणजे ही पाटी शिळेच्या पुढे आहे, हिला हात लावायचा नाही. मग तो डोंगर चढे, पाथरवटाला चाल सांगे, कोरताना समोर उभा राही, आणि खाली येऊन ओल्या फडक्याने हळद पुसे.

धुळीची पाटी डोंगरावर नेता येत नाही. चाल मनात धरूनच न्यावी लागे. आणि तात्याचे मन कसे होते, ते तुम्हाला माहीत आहेच. तीनशेव्या पायरीवर त्याला वाटे, वीस पावले की तीस? तो परत उतरे. पाटी पाही. वीसच असत.

वरचा पाथरवट दात काढून हसे. "या तात्या, या! आज काय विसरलात? चाल, का पागोटं?"

"हसू नको रे. वीस पावलं. वीस. लिहून घे."

"मी लिहीत नाही, मी कोरतो. एकदा कोरलं की तुमची शंकासुद्धा पुसता यायची नाही. बोला, नक्की वीस?"

आणि 'नक्की' हा शब्द ऐकला की तात्या पुन्हा बोटांवर मोजू लागे.

पूर्वी हळद लागली की तात्या त्याच दिवशी डोंगर चढे. पुढे गुडघे कुरकुरू लागले, गर्दी वाढली, कारभाऱ्याची शाबासकीही वाढली. मग त्याने ठरवले, रोज एकेक बातमी न्यायची कशाला? आठ दिवसांच्या साठवू आणि सोमवारी एकदम नेऊ. हेही वाईट नव्हते. वाईट होते ते एवढेच, की भोयांनी "नोंद झाली का?" असे विचारले, तर तात्या "झाली" म्हणू लागला. झाली नव्हती. धुळीत होती.

आता त्या वर्षीचे ऐका. चैत्रात वरच्या मुलखात अवकाळी पाऊस झाला आणि उन्हाळ्यात नदीला लोंढा आला. दोन दिवसांत ओसरला, पण वाळू हलवून गेला. भोई कामाला लागले.

शुक्रवारी सकाळी घाटावर ही गर्दी. अकरा जण एकदम उतार विचारत होते. त्या गर्दीत ठकू भोईण आली. नाकीडोळी नीटस, जिभेला तिखट, आणि काठीने पाणी चाचपण्यात तिचा हात धरणारा भोई नव्हता.

"तात्या, पोथी मिटा जरा! माझं ऐका आणि मग या लोकांना पाण्यात ढकला." तिने चाल सांगितली. तात्याने पाटीवर लिहिली, हळदीचे बोट लावले.

"नोंद झाली?"

"झाली, झाली."

"शिळेवर?"

मागून कोणीतरी ओरडत होते, कोणाचा बैल उधळला होता. तात्या म्हणाला, "झालीच समज."

ठकूने त्याच्याकडे क्षणभर पाहिले, हसली आणि गेली. शनिवारी पहाटे ती आपली माणसे घेऊन खालच्या अंगाला, जत्रेच्या उतारावर गेली. मंगळवारपर्यंत यायची नव्हती.

शनिवारी दुपारी वावटळ आली. उन्हाळ्यात दुपारी तात्या नदीकडच्या बाजूला बांबूच्या तट्ट्या लावी. त्या दिवशी गर्दीत लावायच्या राहिल्या. नदीच्या पात्रातून एक तांबडा खांब फिरत फिरत वर आला, घाटावर चढला, तात्याच्या जागेत शिरला आणि गेला. डोळे मिटून उघडेपर्यंत सगळे संपले. तात्याने तोंडावरची पूड पुसली आणि पाहिले. सोळाच्या सोळा पाट्या कोऱ्या.

पहिल्यांदा त्याला हसू आले. मूळ तर वर आहे! चढू, वाचू, पुन्हा लिहू. मग त्याची नजर दोन पाट्यांच्या कोपऱ्यांवर गेली. धूळ उडाली होती. हळद लाकडावर होती, ती राहिली होती.

दोन बोटे हळद. दोन बातम्या, ज्या वर गेल्याच नव्हत्या.

पहिली चिंचेच्या उताराची होती. ती आणणारे दोघे भाऊ वडाखाली भाकरी खात बसले होते. तात्याने धावत जाऊन पुन्हा विचारून घेतली. दुसरी ठकूची. ती कोणत्या उताराची?

तात्याने आठवून पाहिले. त्याला सगळे आठवत होते. तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होते. एका हातातली बांगडी पिचली होती. हातात नेहमीची काठी नव्हती, रिकाम्या हातांनी आली होती. ती कशी हसली तेसुद्धा आठवत होते. उताराचे नाव तेवढे आठवत नव्हते.

त्याने आजूबाजूला विचारले. शुक्रवारची माणसे वाटसरू होती, केव्हाच आपापल्या वाटेने गेली होती. जत्रेच्या उतारावर माणूस धाडला तरी तो परत यायला मंगळवारच उजाडणार.

मग तात्याच्या मनात एक विचार आला, आणि तो आला हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचे बोट ओले होते, घामाने. हळदीवरून ते एकदा फिरवले असते, तर ठिपका गेला असता. मग सोळा कोऱ्या पाट्या, वावटळीने पुसलेल्या. कोणाचा दोष नाही. वर जाऊन शिळा वाचायच्या आणि लोकांना सांगायच्या. काही झालेच, तर शिळेवर तसे होते असे म्हणता येईल. त्याने बोट कोपऱ्यापर्यंत नेले. आणि मग दुसरा हात पुढे करून, जणू कोणा दुसऱ्याचे असावे तसे, ते बोट धरून मागे ओढले.

त्याला कळले होते ते एवढेच: चिंचेची सोडून उरलेल्या एकतीसांतली एक शिळा खोटे सांगते आहे, आणि कोणती ते माहीत नाही. हे सांगणारा एकच साक्षीदार होता, कोऱ्या पाटीवरची हळद.

रविवारी सकाळी वऱ्हाड आले. अकरा गाड्या, ताशेवाले, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि त्याची आत्या, जिचा आवाज ताशापेक्षा मोठा. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर पलीकडच्या गावात लग्न होते.

"उंबराचा उतार सांगा हो तात्या," नवरदेवाचा बाप म्हणाला.

तात्या पहाटेच डोंगर चढून शिळा वाचून आला होता. समोरच्या पाटीवर उंबराची चाल स्वच्छ लिहिलेली होती. तो म्हणाला, "उत्तर आहे माझ्याकडे. पण मी ते देणार नाही."

"म्हणजे?"

"खरं आहे की नाही, मला ठाऊक नाही."

आत्या गाडीतून उतरली. "अरे वा! नवरदेव उन्हात वाळून चाललाय, आणि यांना ठाऊक नाही! मग इथे बसता कशाला? माश्या मोजायला?"

कारभारी धावत आला. तात्याने त्याला पाटी दाखवली, हळद दाखवली, सगळे सांगितले. सोमवारची गोष्टही, आणि 'झालीच समज'ही. कारभाऱ्याचा चेहरा लाल झाला.

"एका ठिपक्यासाठी तुम्ही एकतीस उतार बंद ठेवणार?"

"हो."

"अहो, शिळेवर आहे ना? मग सांगा शिळेवरचं. चुकलं तर शिळा चुकली!"

"शिळा नाही बुडणार," तात्या म्हणाला. "ही माणसं बुडतील."

तो शूर नव्हता, हे ध्यानात असू द्या. त्याला कारभाऱ्याची भीती वाटत होती, आत्याची तर फारच. पण त्याला सगळ्यांत जास्त भीती त्या अकरा गाड्यांची वाटत होती. शेवटच्या गाडीत चार मुली एकमेकींच्या वेण्यांना फुले लावत बसल्या होत्या.

आत्या म्हणाली, "एवढी काळजी आहे ना, मग तुम्हीच शिरा आधी पाण्यात!"

वऱ्हाडी हसले. तात्या उठला.

आयुष्यभर नदीच्या चाली सांगितलेला हा माणूस घोट्याच्या वर कधी पाण्यात गेला नव्हता. घाटावर तेव्हा एकच भोई होता, गुडघा दुखावलेला, म्हातारा. त्याने आपली काठी दिली. "पाय आधी नको, तात्या. काठी आधी, मग पाय. काठीला तळ लागला तरच पाय." कमरेला दोर बांधला. त्याचे दुसरे टोक नवरदेवाच्या मामांनी आणि ताशेवाल्यांनी धरले.

उंबर पाठीशी, समोरचे देऊळ नाकासमोर. शिळेत कोरले होते अगदी तसे. काठी, पाय. काठी, पाय. दहा पावले. वीस. पाणी मांडीला लागले. पाठीमागून हसू ऐकू येत होते. "तात्या, पलीकडे गेलात की आमच्या विहीणबाईंना नमस्कार सांगा!" चाळीस पावले. तळ घट्ट होता. तात्याला वाटू लागले, उंबर ठीक आहे, आपण उगाच मुहूर्त घालवतो आहोत. पन्नास. साठ. त्याला काठाकडे तोंड करून "या" म्हणावेसे वाटले. त्याने आणखी एकदा काठी टाकली.

काठी गेली. गेलीच. हातातून निसटली आणि तिच्यामागून पायाखालची वाळू सरकली. पाणी तोंडावरून गेले. दोर ताणला गेला, मामा ओरडले, आणि ताशेवाल्यांनी त्याला ओढून काठावर आणले तेव्हा त्याच्या नाकातोंडात वाळू होती.

कोणी हसले नाही. आत्याने आपला नवा शेला त्याच्या अंगावर टाकला आणि ती गप्प उभी राहिली. ती गप्प उभी राहिलेली वऱ्हाडाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

वऱ्हाड चिंचेच्या उतारावरून गेले. त्याची चाल पक्की होती, वाट दोन कोस लांबची. मुहूर्त थोडा टळला, लग्न लागले.

"झालं!" कारभारी म्हणाला. "सापडला तुमचा डोह. आता बाकीचे तीस उघडा."

तात्या ओल्या अंगाने कुडकुडत होता. "हाच तो, कशावरून?"

"म्हणजे?"

"ठकूनं सांगितलेला हाच कशावरून? नदीनं एकच जागा बदलली असेल, असं कुठे लिहिलंय?"

दुपारी मिठाचा तांडा आला. साठ बैल, पाठीवर मिठाच्या गोण्या, बरोबर बायकामुले. त्यांना लव्हाळ्याच्या उतारावरून जायचे होते. लव्हाळ्याची शिळा सगळ्यांत जुनी. तीस वर्षांत तिच्यावर एक ओळ वाढली नव्हती. खाली खडक होता, वाळू सरकण्याचा प्रश्नच नव्हता. तांड्याचा नायक म्हणाला, "माझ्या बापानं हाच उतार केला, मीही हाच केला. डोळे बांधून जाईन मी."

तात्यालाही मनातून तसेच वाटत होते. उरलेल्या तीसांतला एकच उघडायला सांगितला असता, तर त्याने लव्हाळ्याचाच उघडला असता. म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली.

"मंगळवारपर्यंत थांबा," तो म्हणाला.

"आणि वळीव पडला तर? मीठ आहे हे! पाणी होऊन जाईल सगळं."

"थांबा."

रविवार गेला, सोमवार गेला. घाटावर माणसांची आणि जनावरांची दाटी झाली. लोक तात्याच्या तोंडावर बोलत, म्हातारा भ्रमिष्ट झाला. कारभाऱ्याने राजाकडे स्वार पाठवला, नवा उतारसांग्या द्या म्हणून. तात्याने दोन दिवसांत ना धड खाल्ले, ना धड तो बसला. ठकूने सांगितलेला उतार उंबराचाच असेल तर? मग हे सगळे हाल आपल्यामुळे. आणि नसेल तर? आकाशात ढग आला की तो मिठाच्या गोण्यांकडे पाही.

मंगळवारी सकाळी ठकू आली. गर्दी पाहून म्हणाली, "काय तात्या, जत्रा इकडे भरवलीत होय?"

तात्या तिच्यासमोर उभा राहिला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ठकूबाई, शुक्रवारी मी तुला नोंद झाली म्हणालो. झाली नव्हती. धुळीत होती, ती उडाली. कोणता उतार तो? पुन्हा सांग."

ठकूचे हसू मावळले. "लव्हाळ्याचा," ती म्हणाली. "मधोमध, खडकात रांजणासारखा खळगा आहे. इतकी वर्षं वाळूनं भरलेला होता, म्हणून कोणाला कळला नाही. लोंढ्यानं उपसलाय. वरून पाणी गुडघाभर दिसतं. माझी काठी गेली त्यात, लोखंडी टोकाची, खैराची. हात सोडला नसता तर मीही गेले असते. म्हणून तर तुमच्याकडे धावत आले होते. अहो, उघडलात का काय तो उतार?"

मिठाच्या तांड्याचा नायक हळूच आपल्या माणसांत जाऊन बसला आणि त्याने आपल्या धाकट्या मुलीला मांडीवर घेतले.

उंबराची ती बातमी तर कोणीच आणलेली नव्हती. तो डोह तात्याला सापडला, कारण तो दुसराच शोधत होता.

त्याच दिवशी तात्या डोंगर चढला. या वेळी ठकू बरोबर होती. एकाने सांगायचे, दुसऱ्याने ऐकायचे. पाथरवटाने लव्हाळ्याच्या शिळेवर तीस वर्षांनी नवी ओळ कोरली आणि तिच्या शेजारी उंबराच्या शिळेवर दुसरी.

"नक्की?" त्याने सवयीने विचारले.

"नक्की," ठकू म्हणाली. तात्याने तिच्याकडे पाहिले आणि मग मान हलवली.

राजाला तोवर सगळी हकीकत कळली होती. त्याचा स्वार आला, तो नवा उतारसांग्या घेऊन नव्हे. तट्ट्यांसाठी सुतार घेऊन. पाट्या तशाच राहिल्या, कारण त्यांच्याशिवाय घाट चालला नसता. पण दोन रीती बदलल्या. जी बातमी जिवाची, ती सोमवारसाठी थांबायची नाही. त्याच दिवशी वर जायची. आणि भोई "नोंद झाली का?" असे विचारत, तेव्हा तात्या "झाली" म्हणत नसे. तो म्हणे, "अजून धुळीत आहे." भोईही मग कोपऱ्यावर हळद लागलेली पाहूनच घाटावरून उठत, आणि हळद पुसलेली दिसली तरच निश्चिंत होत.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: हाताशी असलेली नक्कल कामाला येते, पण जे अजून मुळात पोचलेले नाही त्याला पोचले म्हणू नये.

तात्याला मात्र पुढेही चैन पडली नाही. त्या दोन दिवसांत आपण उगाच तर एवढी माणसे अडवली नाहीत ना, ही शंका त्याच्या मनातून जाईना. खळगा खरेच तेवढा खोल होता का? ठकू तिखटमीठ लावून बोलणारी बाई. मग बऱ्याच वर्षांनी दुष्काळ पडला आणि नदी आटली. तात्या तेव्हा फार थकला होता. तरी तो कोरड्या पात्रातून लव्हाळ्याच्या उतारापर्यंत चालत गेला. खळगा होता. त्याने दोर सोडून मोजला, दोन पुरुष खोल आणि वर एक हात. आत पाण्याचा थेंब नव्हता. तळाशी लोखंडी टोकाची एक खैराची काठी पडलेली होती, आणि तिच्याशिवाय काहीच नव्हते.